एनएसई: रिंगमधल्या जुन्या कारकुनाचा अभिप्राय

एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, रोखीच्या बाजाराला (जिथे पैसे देऊन प्रत्यक्ष शेअर घेतात) पाचपैकी साडेचार तारे. त्याच एनएसईच्या ऑप्शनच्या (ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने घ्यायच्या-विकायच्या हक्काच्या) बाजाराला एक, तोही यंत्रणा चोख चालते म्हणून. छप्पर एकच असलं तरी आत दोन वेगळे धंदे चालतात. दोन्हीकडे आपल्या समोर बहुतेक वेळा आपोआप सौदे करणारं मशीन उभं असतं, पण एकीकडे ते आपल्या सोयीचं आणि दुसरीकडे आपल्या मुळावर आलेलं, असं माझं मत झालं आहे.

हे लिहायला निमित्त आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाचं. ‘सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात सौदे करणारी मशिनं तुमची ऑर्डर बघतात, तुमच्या आधी शेअर उचलतात आणि तुम्हालाच महाग विकतात; साध्या माणसाने बाजाराच्या वाटेला जाऊ नये,’ असा एक संदेश तिथे अधूनमधून फिरतो. मग कुणीतरी विचारतं, “काका, तुम्ही तर बाजारातले. खरं काय?” बाजारातला म्हणजे मी दलाल नव्हे. १९८४ पासून दलाल स्ट्रीटवर एका शेठकडे कारकून होतो, त्यातली बरीच वर्षं रिंगमध्ये, म्हणजे ओरडून सौदे व्हायचे त्या सभागृहात, उभं राहून सौदे लिहिले. १९९५ च्या मार्चमध्ये बीएसईचं, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचं, ‘बोल्ट’ हे संगणकावरच्या सौद्यांचं तंत्र आलं, रिंगमधला आरडाओरडा थांबला आणि मी मागच्या खोलीत संगणकापुढे जाऊन बसलो. आता निवृत्त आहे. घरातल्या शिलकीचा बराच भाग शेअर आणि निफ्टीबीजमध्ये (निफ्टी या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकावर चालणारा फंड) आहे. रोज काही घेत-विकत नाही, पण गिऱ्हाईक पक्कं आहे.

मशिनांवर खापर फोडण्याआधी माणसं होती तेव्हा काय चालायचं ते ऐका. रिंगमध्ये जॉबर असत. जॉबर म्हणजे दोन्ही बाजूंचा भाव बोलणारा. टिस्को (आताची टाटा स्टील) विचारलं की घ्यायचा आणि द्यायचा भाव तो एका दमात सांगे, आणि तुम्ही घेणारे की विकणारे हे तोंडावरून ओळखता आलं तर तेवढा फेर करून सांगे. चालत्या शेअरमध्ये दोन भावांत आठ आणे, कधी रुपया. ब गटातल्या, म्हणजे कमी चालणाऱ्या, कंपनीत चार-पाच रुपये, आणि जॉबर जेवायला गेला असेल तर भावच नाही. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नसे. एखाद्या मास्तरांनी सकाळी फोन करून शंभर शेअर सांगितले, तर भाव काय पडला ते त्यांना संध्याकाळी कळायचं. दिवसभरात शेअर १८२ ते १८८ फिरला असेल तर घेणाऱ्याची नोट १८७ च्या आसपास निघे आणि विकणाऱ्याची १८३ च्या. नोटेवर सौद्याची वेळ नसे, त्यामुळे मधले चार रुपये कुठे गेले हे विचारायची सोयही नसे. दलाली वर वेगळी. मग कागदी सर्टिफिकेट, सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी, ती परत, पुन्हा सही, पुन्हा टपाल.

आणि ‘तुमच्या आधी उडी मारतात’ म्हणाल, तर मोठ्या संस्थेची ऑर्डर रिंगमध्ये शिरायच्या आत कुणाच्या तरी मेहुण्याच्या नावावर सौदा झालेला असे. त्याला मायक्रोसेकंद लागत नसत, एक भुवई पुरायची.

१९९४ मध्ये एनएसईने शेअरचे सौदे पडद्यावर आणले आणि हा सगळा पसारा उजेडात आला. आज माझ्या मोबाइलवर ब्रोकरच्या ॲपमध्ये पाच सर्वांत चांगले खरेदीचे भाव आणि पाच विक्रीचे भाव, प्रत्येकापुढे किती शेअर आहेत ते दिसतं. निफ्टीतल्या मोठ्या शेअरांत पहिल्या दोन भावांमधलं अंतर पाच-दहा पैसे असतं. हजार-बाराशे रुपयांच्या शेअरवर दहा पैसे! आमच्या जॉबरांनी हे ऐकलं असतं तर धंदा सोडून गावाला गेले असते. नियमही साधा: ज्याचा भाव चांगला तो पुढे, भाव सारखा असेल तर जो आधी आला तो पुढे. एकाच जागी ठरावीक भावाला शंभर मशिनं रांगेत उभी राहू पाहतात, म्हणून अंतर फाकत नाही. जॉबरचंच काम आहे, फक्त तो आता थकत नाही, जेवायला जात नाही आणि माझं तोंड बघत नाही.

शेअर विकले की दुसऱ्या दिवशी हिशेब पुरा होतो. २७ जानेवारी २०२३ पासून सगळेच शेअर या पद्धतीत आले. बॅड डिलिव्हरीच्या थप्प्या मोजलेल्या माणसाला याचं कौतुक किती वाटतं ते इतरांना कळणार नाही, म्हणून आवरतो.

आता व्हॉट्सॲपवरच्या आरोपाकडे. माझी भाची अशाच एका फर्ममध्ये कोड लिहिते, जी स्वतःच्या पैशाने मशिनी सौदे करते. फर्मचं नाव इथे देत नाही. गेल्या गणपतीत ती आली होती तेव्हा मी तिला उकडीच्या मोदकांपुढे बसवून सरळ विचारलं की तुम्ही मला लुटता का.

“मामा, तुमच्यासारख्यांची ऑर्डर आम्हाला आवडते,” ती म्हणाली.

“मूर्ख म्हणून?”

“नाही हो. तुम्ही पन्नास शेअर घेता तेव्हा तुम्हाला आतली काही खबर असेल अशी भीती नसते. आम्ही तुम्हाला विकतो, पुढच्या क्षणी दुसऱ्याकडून घेतो, मधले पाच पैसे आमचे. भीती वाटते ती शेजारच्या मशीनची.”

मग तिने शर्यत समजावली. समजा निफ्टीचं फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) अचानक वर गेलं. रिलायन्समध्ये कुणाचा तरी विक्रीचा जुना भाव अजून रांगेत उभा आहे. तो ज्याचा आहे त्याला रद्द करायचा असतो, बाकीच्यांना झडप घालायची असते. जो आधी पोहोचला त्याचा फायदा. यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात एक्स्चेंजच्याच जागेत सर्व्हर ठेवायचे, त्याचं भाडं भरायचं. याला को-लोकेशन म्हणतात, आणि एनएसईने ही सोय २००९-१० च्या सुमारास सुरू केली. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. डोंबिवलीहून तिथवर तार चाळीसेक किलोमीटरची धरली, तरी नुसत्या प्रवासाला २०० मायक्रोसेकंद लागतील, आणि ब्रोकरची यंत्रणा मध्ये आली की त्याच्या कित्येक पट. म्हणजे या शर्यतीत मी धावतच नाही. फलाटावर उभ्या माणसाने जलद गाडीशी स्पर्धा हरल्याचं दुःख कशाला करावं?

तरी या शर्यतीचा खर्च शेवटी कुणाच्या तरी अंगावर पडतोच. तो किती, याचं नीट मोजमाप लंडनमध्ये झालं आहे. ब्रिटनच्या एफसीए या नियामकाने २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लंडन शेअर बाजारातल्या २०१५ मधल्या ४३ दिवसांचे सगळे संदेश, न झालेल्या सौद्यांसकट, तपासले होते. तिथल्या पहिल्या शंभर कंपन्यांत दर शेअरमागे साधारण मिनिटाला एक शर्यत होत होती, आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर बहुधा ५ ते १० मायक्रोसेकंदांचं. एकूण उलाढालीवर पडणारा भार ०.४२ बेसिस पॉइंट निघाला. आपल्या भाषेत, लाखामागे ४ रुपये २० पैसे.

हा आकडा वाचला आणि मी माझी कॉन्ट्रॅक्ट नोट काढली. लाखाची डिलिव्हरी खरेदी, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवायची: एसटीटी हा सरकारचा सौद्यावरचा कर १०० रुपये, मुद्रांक शुल्क १५ रुपये, एनएसईचा व्यवहार आकार २ रुपये ९७ पैसे, वर थोडा जीएसटी आणि सेबी या बाजार नियामकाचे १० पैसे. विकताना पुन्हा एसटीटी १०० रुपये. लंडनचा हिशेब मुंबईला जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणत नाही, पण मापाचा अंदाज येतो. ज्याला मशीनच्या चार रुपयांचा राग येतो त्याने शंभराच्या दोन नोटांकडेही एकदा बघावं. त्याबद्दल मात्र व्हॉट्सॲपवर कुणी काही पाठवत नाही.

अमेरिकेतल्या गोष्टी इकडे चिकटवल्यानेही गोंधळ होतो. तिकडे काही ब्रोकर आपल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी सिटाडेल सिक्युरिटीज, व्हर्च्यू अशा कंपन्यांकडे वळवतात आणि त्याबद्दल त्यांच्याकडून पैसे घेतात. शिवाय तिकडे एक्स्चेंज डझनभराहून जास्त, त्यामुळे एका ठिकाणी दिसलेली ऑर्डर दुसऱ्या ठिकाणी आधी गाठायचा खेळ चालतो. आपल्याकडे ऑर्डर एक्स्चेंजच्या वहीतच जावी लागते, आणि रोखीच्या शेअरांत एनएसई एकटीच इतकी मोठी आहे की या खेळाला मैदान कमी.

खरी चावा घेण्याजोगी शिकार म्हणजे मोठी ऑर्डर. म्युच्युअल फंडाला पाच लाख शेअर घ्यायचे असतील तर तो ते बारीक तुकड्यांत दिवसभर घेतो, आणि तुकड्यांच्या चालीवरून मशीन वास काढतं. तुमची-आमची एसआयपी त्याच फंडात असते, तेव्हा ‘मला काही लागत नाही’ म्हणणंही पूर्ण खरं नाही. भाचीला हे म्हटलं तर ती म्हणाली, “फंडांकडेही आता अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम आहेत, मामा, ते काही बिचारे नाहीत.” असतीलही. पण आमच्या वेळी यूटीआय या म्युच्युअल फंडाची ऑर्डर ओळखायला जॉबराला एका विशिष्ट दलालाचा कारकून रिंगमध्ये धावताना दिसला तरी पुरायचं, हे तिला कुठे ठाऊक!

मग साडेचारच तारे का? अर्धा तारा मी को-लोकेशनच्या प्रकरणापायी कापला आहे, आणि तो परत देणार नाही. २०१० ते २०१४ या काळात एनएसईची भावाची माहिती सर्व्हरला जोडलेल्या सभासदांना एकाच वेळी न जाता एकामागून एक जात होती. जो सकाळी आधी जोडला जाई त्याला आधी मिळे. म्हणजे भाडं सगळ्यांनी भरलेलं, पण पहिला घास काहींचाच. २०१५ मध्ये एका जागल्याचं पत्र ‘मनीलाइफ’ने छापलं. एनएसईने उत्तर द्यायचं सोडून अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने उलट एनएसईलाच ५० लाखांचा खर्च भरायला लावला. सेबीने एप्रिल २०१९ मध्ये ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह परत करायचा आदेश दिला. अपील लवादाने जानेवारी २०२३ मध्ये ती वसुली रद्द केली, पण पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल १०० कोटी भरायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचा पुरेसा पुरावा नाही म्हणून सेबीने प्रकरण निकाली काढलं. कायद्याने जे ठरलं ते ठरलं. पण मशिनांचा बाजार चालतो तो दारात सगळ्यांना सारखं सोडतात या एकाच भरवशावर, आणि तिथेच ढिलाई झाली. त्या काळात माझे दोन-चार रुपये गेले असतील नसतील. भरवसा मात्र मोठा गेला.

दुसरी तक्रार पडत्या दिवसांची. ४ जून २०२४ ला निवडणुकीचे निकाल लागत होते, निफ्टी जवळपास सहा टक्के पडून बंद झाला. त्या सकाळी एरवी पाच पैसे असणारं अंतर रुपया-रुपयाने उघडं पडलेलं मी बघत होतो. भाव दिसायचा, बोट टेकेपर्यंत नाहीसा व्हायचा. मशिनांवर बाजार सावरायची सक्ती नाही, धोका वाटला की ती बाजूला होतात. पण हेही जुनंच आहे. एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहताचं प्रकरण फुटलं तेव्हा आमच्या रिंगमध्ये जॉबर भाव बोलायचेच बंद झाले होते. आणि ५ ऑक्टोबर २०१२ ला निफ्टी काही क्षणांत ९०० अंकांनी कोसळून सौदे थांबले, ते एका ब्रोकरकडच्या माणसाने ऑर्डर चुकीची टाकल्यामुळे. दोष द्यायचाच तर बोटालाही द्या.

बारक्या कंपन्यांत तर उलटीच गत. तिथे मशीन फिरकतच नाही. मी सांगलीकडची एक छोटी कंपनी धरून आहे. खरेदीचा भाव ८१, विक्रीचा ८३, मध्ये कुणी नाही. शंभर रुपयांमागे अडीच रुपये फक्त दार ओलांडायचे. इतक्या वेळा वाटतं की एखादं मशीन इथेही येऊन उभं राहावं.

आता त्याच छपराखालचा दुसरा धंदा, म्हणजे ऑप्शन. इथे माझा सूर बदलतो.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर-ऑप्शनबद्दल अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा खर्चासकट १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ या एकाच वर्षात स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या फर्मांनी ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांनी २८,००० कोटी कमावले, खर्च वजा करण्याआधी. आणि या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग अल्गोने केलेल्या सौद्यांतून आला. हे मोदकासारखं गोड बोलून सोडून देता येत नाही. भाचीलाही हे आकडे दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “इथे मात्र तुमच्या बाजूचा माणूस आमच्या टेबलावर बसून आमचाच खेळ खेळतो, मामा.”

फरक इथेच आहे. शेअर घेऊन पाच-दहा वर्षं ठेवणाऱ्याला मशीन एकदाच भेटतं, खरेदीच्या क्षणी, आणि त्याची कमाई मशीनकडून येत नाही. कंपनी वाढली की येते. आठवड्याच्या मुदतीच्या ऑप्शनमध्ये कंपनीबिंपनी काही नसते. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि त्यातून एसटीटी, ब्रोकर आणि एक्स्चेंज आधी आपला वाटा काढून घेतात. ऑक्टोबर २०२४ च्या दरांप्रमाणे रोखीच्या बाजारात लाखाला २ रुपये ९७ पैसे घेणारी एनएसई ऑप्शनच्या प्रीमियमवर (ऑप्शनच्या किमतीवर) लाखाला ३५ रुपये ३ पैसे घेत होती. मग ब्रोकरच्या ॲपमध्ये ऑप्शनचं बटण अंगठ्याखाली आणि डिलिव्हरीचं दोन पायऱ्या आत का असतं, याचं उत्तर कुणी सांगायला नको. माझ्या ॲपवर ऑप्शनची मुदत संपायच्या दिवशी सकाळी घंटी वाजते, ‘आज एक्स्पायरी आहे!’ वाढदिवस असल्यासारखी. बंद केली, तर नवीन आवृत्तीत पुन्हा चालू झाली. ब्रोकर नावाजलेला आहे, नाव घेत नाही, दुसऱ्यांकडेही हेच ऐकलं आहे.

जेन स्ट्रीटचं प्रकरण याच दालनातलं. सेबीच्या ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात आरोप असा: १७ जानेवारी २०२४ ला या अमेरिकी फर्मने सकाळी बँक निफ्टी या बँकांच्या निर्देशांकातले शेअर आणि फ्युचर सुमारे ४,३७० कोटींना घेऊन निर्देशांक उचलून धरला, त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याच्या कित्येक पटींनी मंदीची (निर्देशांक पडला की नफा देणारी) बाजू बांधली, आणि दुपारनंतर शेअर विकून टाकले. शेअरांत तोटा ६१ कोटींचा, ऑप्शनमध्ये नफा ७३४ कोटींचा. सेबीने ४,८४३ कोटी अडवून ठेवले. फर्म आरोप नाकारते आणि अपील लवादाकडे गेली आहे, तेव्हा निकाल मी देत नाही. मला त्या आदेशातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या दिवशी बँक निफ्टीच्या ऑप्शनची उलाढाल त्याखालच्या शेअरांच्या उलाढालीच्या ३५३ पट होती. शेपूट इतकं मोठं झाल्यावर जनावराला कोण विचारतो. ही वेगाची करामत नव्हे, पैशाच्या वजनाची आहे. मायक्रोसेकंदांना शिव्या देणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने साप्ताहिक मुदतीचे ऑप्शन एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले आणि सौद्याचा किमान आकार ५ लाखांवरून १५ लाखांवर नेला. बरं केलं. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले.

वापरायची पद्धत, माझ्यासारख्यांसाठी. ‘मार्केट’ (मिळेल त्या भावाची) ऑर्डर टाकू नका, ‘लिमिट’ (आपण ठरवलेल्या भावाची) टाका. पडत्या दिवशी याच एका सवयीने रुपये वाचतात. ईटीएफ (निफ्टीबीजसारखा, शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) घेताना पडद्यावरचा भाव आणि एनएसईच्या साइटवरचा आयएनएव्ही (फंडातल्या शेअरांची त्या क्षणीची किंमत) जुळतो का ते बघा, कारण कमी चालणाऱ्या ईटीएफमध्ये त्यांत टक्क्याचाही फरक असतो, आणि लंडनच्या ०.४२ बेसिस पॉइंटपेक्षा तो दोनशे पटींहून जास्त महाग पडतो. मोठ्या शेअरांची खरेदी मी सकाळी ९ ते ९.०७ मध्ये टाकून ठेवतो. त्या प्री-ओपन सत्रात सगळ्या ऑर्डरी गोळा करून एकच भाव काढतात, तेव्हा मायक्रोसेकंदाने आधी येऊन कुणाला काही फायदा नसतो. वेगाची शर्यत मोडायला बाजार असाच थोड्या थोड्या वेळाने भरवावा, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. आपल्याकडे दिवसाची सुरुवात तशीच होते आणि सहसा कुणाला पत्ता नसतो.

ऑप्शनबद्दल सोसायटीतल्या दोन मुलांनी विचारलं होतं. दोघांनाही सेबीचा अहवाल पाठवला. एकाने वाचून खातं बंद केलं. दुसऱ्याने ९७ टक्क्यांच्या आकड्याखाली रेघ मारून परत पाठवला आणि खाली लिहिलं, “काका, हा अल्गो कुठे विकत मिळेल?”